मनोविकाराची बतावणी

मनोविकाराची बतावणी : लाभ मिळविण्यासाठी अथवा शिक्षा, जबाबदारी किंवा कष्ट टाळण्यासाठी नसलेल्या मानसिक आजाराची लक्षणे हेतुपुरस्सर दाखविणे किंवा असलेली लक्षणे वाढवून सांगणे. शुद्ध ढोंग आणि अतिशयोक्ती हे तिचे दोन मुख्य प्रकार होत. पहिल्यात आजार मुळीच नसतो. दुसऱ्यात तो असतो, पण जेवढा आहे त्याहून मोठा करून सांगितला जातो. जुना किंवा दुसऱ्याच कारणाने आलेला आजार नुकत्याच झालेल्या अपघातामुळे उद्‌भवला असे सांगणे, हा तिसरा प्रकार नुकसानभरपाईच्या दाव्यांत आढळतो. व्यवहारात शुद्ध ढोंगाहून अतिशयोक्तीच अधिक आढळते आणि ती ओळखणे अधिक अवघड असते. कारण तेथे खरे व खोटे एकाच माणसाच्या तोंडून, बहुधा एकाच वाक्यात येते.

बतावणी व उन्माद (हिस्टेरिया) यांत फरक करणे आवश्यक आहे. उन्मादात रुग्णाचा हात लुळा पडतो किंवा स्मृती जाते. ती त्याने जाणूनबुजून केलेली गोष्ट नसते. यांखेरीज कोणत्याही उघड लाभाविना केवळ रुग्ण म्हणून राहण्यासाठी आजार निर्माण करणाऱ्या व्यक्तीही असतात. अशा रुग्णांचे वर्णन इंग्रज वैद्य रिचर्ड ॲशर यांनी १९५१ मध्ये केले. तत्त्वतः हे भेद स्पष्ट असले, तरी परीक्षकापुढे बसलेल्या व्यक्तीचा हेतू दिसत नाही. त्याला दिसतात ती फक्त उत्तरे व वर्तन. हेतूचे अनुमान त्यांवरून करावे लागते आणि या विषयाचा सर्व इतिहास हे अनुमान अधिक पक्के कसे करावे याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

प्राचीन व पारंपरिक उल्लेख : ग्रीक कथांतील ओडिसियसने ट्रॉयच्या युद्धावर जाणे टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेऊन नांगर धरला, तेव्हा पॅलामीडीझने त्याचे तान्हे मूल नांगरापुढे ठेवले. ओडिसियसने नांगर वळविला व सोंग उघडे पडले. परीक्षकाने अशी परिस्थिती निर्माण करावी, की ढोंगी व्यक्तीला ढोंग टिकविणे परवडू नये, हे तत्त्व या कथेत पूर्ण स्वरूपात आले आहे. रोमन काळातील वैद्य गेलेन याने आजाराचे ढोंग करणाऱ्यांना कसे ओळखावे यावर एक लहानसा निबंध लिहिला होता.

महाराष्ट्राच्या इतिहासात आजाराच्या बतावणीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑगस्ट १६६६ मध्ये आग्रा येथील नजरकैदेतून निसटण्यापूर्वी शिवाजी महाराजांनी केलेले आजारपणाचे निमित्त. मराठी भाषेत वेडाच्या सोंगासाठी ‘वेड पांघरणे’ असा अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे; वेड येथे अंगातले नसून अंगावर घेतलेले वस्त्र आहे. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या म्हणीतील पेडगाव हे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी असून तेथे बहादूरगड हा मोगलांच्या छावणीचा किल्ला होता. म्हणीची उपपत्ती निरनिराळ्या प्रकारे सांगितली जाते. मात्र तिचा वापर नेहमी दुसऱ्याबद्दल आणि बहुधा थट्टेने केला जातो. वेड पांघरणारा मूर्ख नसून हुशार आहे, हे म्हणीत गृहीत धरलेले असते. अर्ज घेऊन आलेल्या मनोरुग्णाकडे पाहण्याच्या लोकदृष्टीवर या गृहीताची छाया अजूनही पडलेली दिसते.

मुंबई इलाख्यातील वैद्यकीय न्यायशास्त्र : मनोरुग्णालयांची स्थापना होण्यापूर्वी वेडाचे खरेखोटेपण ठरविणे हे नातेवाईक, गावकरी व देवऋषी यांचे काम होते. कुलाबा (मुंबई) येथे १८२६ मध्ये वेड्यांचे रुग्णालय सुरू झाले. त्यानंतर नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा (१९१५) येथे मनोरुग्णालये उभी राहिली. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम ८४ नुसार गुन्ह्याच्या वेळी चित्तभ्रमामुळे कृत्याचे स्वरूप न कळणाऱ्या व्यक्तीस दोषमुक्ती मिळत असे. या तरतुदीमुळे वेड खरे की खोटे हा प्रश्न न्यायालयात येऊ लागला आणि तो सोडविण्याचे काम सिव्हिल सर्जनकडे आले. १९१२ च्या भारतीय वेड-अधिनियमान्वये दंडाधिकारी संशयित व्यक्तीस निरीक्षणासाठी एका वेळी दहा दिवस व एकूण तीस दिवसांपर्यंत ठेवण्याचा आदेश देऊ शकत असे.

या निरीक्षणात काय पाहावे, ते वैद्यकीय न्यायशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक व मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांचे भारतासाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले. जयसिंग पी. मोदी यांच्या १९२० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि वैद्यक व विधी या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी तो वापरला. या परंपरेत खऱ्या व खोट्या वेडातील फरक एकमेकांसमोर मांडून दाखविले जात. खरा आजार बहुधा हळूहळू येतो, खोटा एकाएकी व नेमका अटकेनंतर येतो. खऱ्या रुग्णाची लक्षणे कोणी पाहो वा न पाहो चालूच राहतात. ढोंग्याची लक्षणे पहारेकरी दूर जाताच ओसरतात. उन्मत्त रुग्ण रात्रंदिवस जागून व आरडाओरड करूनही दमत नाही, तर ढोंगी माणूस दमून झोपी जातो. शिवाय ढोंगी व्यक्ती सर्व प्रकारच्या वेडांची लक्षणे एकत्र आणते, कारण वेड म्हणजे काय याविषयीची तिची कल्पना ऐकीव असते.

ही निरीक्षणे अनुभवातून आलेली होती व त्यांतील काही आजही उपयोगी पडतात. मात्र ती तीव्र उन्मादावस्थेला लागू पडणारी होती. एका कोपऱ्यात गप्प बसून राहणाऱ्या, कामाला हात न लावणाऱ्या दीर्घकालीन रुग्णास त्यांतील एकही कसोटी नीट लागू होत नाही. पुढे अपंगत्वाच्या अर्जासाठी जे रुग्ण येऊ लागले, ते प्रामुख्याने याच प्रकारचे होते. या ग्रंथपरंपरेची दुसरी मर्यादा तिच्या भूमिकेत होती. नॉर्मन चीव्हर्झ यांच्या बंगालसाठी लिहिलेल्या १८५६ च्या ग्रंथापासून एतद्देशीय माणूस स्वभावतःच असत्यप्रिय आहे, असा सूर वसाहतकालीन लेखनात उघडपणे आढळतो. तपासणीला आलेल्या माणसाविषयीचा संशय अशा लेखनात तपासणीपूर्वीच पक्का झालेला असे.

या संशयाची आकड्यांनी झालेली एक तपासणी उल्लेखनीय आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील आघाडीवर हिंदी सैनिक रणांगण सोडता यावे म्हणून स्वतःच्या हातावर गोळ्या झाडून घेतात, असा प्रवाद पसरला होता. ब्रायटन येथील किचनर हिंदी रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ मध्ये एक हजार जखमांचे पृथक्करण केले. आणि प्रवादास पुष्टी देणारा पुरावा त्यांतून निघाला नाही. जखमा शरीराच्या असल्या, तरी पद्धत सर्वसाधारण होती. एकेका माणसाच्या चेहऱ्यावरून निष्कर्ष न काढता, संशय खरा असता तर समूहात काय दिसले असते हे आधी ठरवून मग ते दिसते का, हे पाहण्यात आले.

नुकसानभरपाई व ‘निवृत्तिवेतनाचा मनोविकार’ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे व कारखाने यांमुळे अपघातग्रस्तांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. जर्मनीत १८८४ मध्ये कामगारांसाठी अपघात-विम्याचा कायदा झाला. बाह्य जखम भरून आल्यावरही डोकेदुखी, थरथर, निद्रानाश व भीती टिकून राहणाऱ्या कामगारांचे वर्णन हेर्मान ओपनहाइम या तंत्रिकातज्ज्ञाने १८८९ मध्ये ‘आघातजन्य तंत्रिकाविकृती’ या नावाने केले. त्याच वर्षी जर्मन विमा-कार्यालयाने अशा आजारास भरपाईस पात्र ठरविले. आजार निवृत्तिवेतनाच्या इच्छेतून उत्पन्न होतो, असा प्रतिवाद इतर वैद्यांनी केला. महायुद्धकाळात, १९१६ मध्ये, वैद्यांच्या सभेत ओपनहाइम यांचे मत नाकारले गेले आणि १९२६ मध्ये विमा-कार्यालयाने भरपाई बंद केली. या अवधीत रुग्णांच्या लक्षणांत विशेष बदल झाला नव्हता. बदलला तो त्यांच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन व तिजोरीची स्थिती.

कैद्यांच्या बाबतीत अशीच अनिश्चितता झीगबेर्ट गान्झर यांच्या १८९८ च्या वर्णनात दिसते. त्यांनी पाहिलेले कैदी साध्या प्रश्नांना चुकीची, पण अगदी जवळची उत्तरे देत. उदा., चतुष्पाद प्राण्याचे पाय किती, असे विचारल्यास पाच म्हणत. ज्याला पाच म्हणता येते त्याला प्रश्न समजलेला असतो, हे उघड आहे. परंतु हे ढोंग की उन्माद, यावर मनोविकारतज्ज्ञांत आजतागायत एकमत झालेले नाही. ब्रिटनमध्ये हेन्‍री मिलर यांनी १९६१ मध्ये अपघातोत्तर मनोविकाराचे रुग्ण दाव्याचा निकाल लागताच बरे होतात, असे प्रतिपादन केले व ते न्यायालयांत दीर्घकाळ आधार म्हणून वापरले गेले. पुढील पाहण्यांत अनेक रुग्णांच्या तक्रारी निकालानंतरही टिकून राहिल्याचे आढळले.

भारतात कामगार-भरपाई अधिनियम १९२३ मध्ये संमत झाला. त्याच्या परिशिष्टात हात, बोट, डोळा इ. अवयव गमावल्यास कमाईच्या क्षमतेत किती टक्के घट धरावी, हे दिले होते. मनाला त्यात स्थान नव्हते. कर्मचारी राज्य विमा योजना १९५४ मध्ये मुंबई व नागपूर येथे लागू झाली, तेव्हा गिरणी कामगाराची रजा खरी की खोटी हा विमा-वैद्यांपुढचा रोजचा प्रश्न बनला. मात्र तो मुख्यतः कंबरदुखीचा व तापाचा होता. मोटार-अपघातांच्या दाव्यांत उपचार न करता केवळ प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निर्णयात (२०१०) न्यायाधिकरणांना सावध केले. तसेच शरीराची टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे, हेही स्पष्ट केले.

रामन राघवचा खटला : बतावणीच्या शोधात होणारी चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते. ढोंग्याला रुग्ण मानणे ही एक; रुग्णाला ढोंगी वा निरोगी मानणे ही दुसरी. दुसऱ्या चुकीचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण गुन्हेगारी न्यायाच्या क्षेत्रातील आहे. मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपलेल्या निराधार लोकांचे खून करणाऱ्या रामन राघव यास ऑगस्ट १९६८ मध्ये अटक झाली. त्याचे चित्त ठिकाणावर नसल्याचा मुद्दा १९६९ मधील सुनावणीत बचावपक्षाने मांडला. पोलीस-शल्यचिकित्सकांनी काही आठवडे निरीक्षण करून त्यास मनोविकृती नसल्याचा निर्वाळा दिला व त्याला मृत्युदंड ठोठावण्यात आला. शिक्षा कायम करण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे विशेष मंडळ नेमविले. मंडळाने त्याच्याशी पाच बैठकांत, प्रत्येकी सुमारे दोन तास, संभाषण केले. तो दीर्घकालीन संशयप्रधान छिन्नमनस्कतेने पछाडलेला असल्याचे त्यातून निष्पन्न झाले. पुढे १९८७ मध्ये त्याची शिक्षा जन्मठेपेत रूपांतरित झाली; १९९५ मध्ये तो पुण्यात मरण पावला.

या प्रकरणात दोन्ही तपासण्यांत माणूस एकच होता. पहिल्या तपासणीत त्याचे वर्तन पाहिले गेले आणि ते शांत होते. दुसऱ्या तपासणीत त्याचे जग कसे आहे, ते त्याच्याकडूनच विस्ताराने ऐकले गेले. संशयप्रधान छिन्नमनस्कतेत वागणे सुसंगत राहून श्रद्धा भ्रामक असू शकतात. त्यामुळे रात्री झोप लागते की नाही, यासारख्या जुन्या कसोट्यांनी ती सापडत नाही.

मनोमितीय कसोट्या : निरीक्षकाच्या मतावर विसंबून राहावे लागू नये म्हणून विसाव्या शतकात कसोट्या तयार झाल्या. मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे व मॅकिन्ली यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यक्तिमत्त्व-शोधिकेत सामान्य माणसे क्वचितच होकार देतील अशा विधानांची एक स्वतंत्र श्रेणी घातली होती. तिच्यावरील गुण फार वाढल्यास उत्तरे अतिशयोक्त, बेफिकीर किंवा गोंधळलेली आहेत असे मानले जाते. मात्र तीव्र आजारातही हे गुण वाढतात, ही त्या श्रेणीची सुरुवातीपासूनची अडचण आहे. रिचर्ड रॉजर्स यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संरचित मुलाखतीत दुर्मिळ लक्षणे, एकत्र न आढळणारी लक्षणे व उघड विसंगती यांविषयी ठरावीक प्रश्न विचारले जातात.

स्मृतिदोषाच्या दाव्यांसाठी दुसऱ्या जातीच्या कसोट्या आहेत. दिसायला अवघड, पण करायला सोपी अशी कामगिरी देणे, हे त्यांचे सूत्र होय. स्विस मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांच्या पंधरा-घटक कसोटीत तीन तीन चिन्हांच्या पाच ओळी असलेला कागद थोडा वेळ दाखवून नंतर ती चिन्हे काढावयास सांगतात. पंधरा हा आकडा मोठा वाटतो. पण एका ओळीत रोमन लिपीतील पहिली तीन मोठी अक्षरे, दुसरीत तीच लहान अक्षरे, तिसरीत एक, दोन, तीन असे अंक असतात. शाळा शिकलेल्याला पंधरा नव्हे, पाचच गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मेंदूला खरी इजा झालेलेही पुष्कळ जण ती पार पाडतात. त्यामुळे अगदी कमी गुण मिळाल्यास प्रयत्नाविषयी शंका घेतली जाते.

दोन पर्यायांतून एक निवडावयाच्या कसोट्या याहून अधिक काटेकोर आहेत. टॉम टॉम्बो यांच्या १९९६ च्या कसोटीत पन्नास रेखाचित्रे दाखवितात व नंतर प्रत्येक वेळी पाहिलेले एक व नवे एक अशी जोडी पुढे ठेवतात. स्मृती पूर्ण गेलेली व्यक्तीही नुसत्या अंदाजाने पंचवीसच्या आसपास उत्तरे बरोबर देईल. पन्नासपैकी अठरा किंवा त्यांहून कमी उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे तीन टक्के आहे. असे घडल्यास त्या व्यक्तीला बरोबर उत्तर माहीत असून ती ते टाळत होती, हे अनुमान सबळ ठरते. परंतु इतके कच्चे ढोंग क्वचितच होते. म्हणून प्रत्यक्षात पंचेचाळीस ही मर्यादा वापरली जाते आणि मर्यादा वर नेली, की प्रामाणिक माणूस तिच्याखाली सापडण्याचा धोकाही वाढतो.

हा धोका किती असतो, ते गणिताने दाखविता येते. शंभर अर्जदारांत दहा जण बतावणी करीत आहेत असे समजू. एखादी कसोटी त्यांतील आठ ओळखते आणि उरलेल्या नव्वद प्रामाणिक अर्जदारांतील दहा टक्के व्यक्तींवर चुकीचा शिक्का मारते, असे मानल्यास एकूण सतरा अर्जदार संशयित ठरतील व त्यांत नऊ प्रामाणिक असतील. कसोटी वाईट नसतानाही हे घडते. कारण बतावणी करणारे मुळातच थोडे असतात. म्हणून एका कसोटीवरून निष्कर्ष काढू नये, किमान दोन स्वतंत्र पुरावे असावेत, असा दंडक रूढ झाला आहे. शिवाय अशा कसोटीतील अपयश त्या वेळचा प्रयत्न अपुरा होता, एवढेच सांगते. आजार नाही, असे ती सांगू शकत नाही.

भारतातील अपंगत्व-कायदे व मापनश्रेणी : अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या केंद्रीय अधिनियमात मानसिक आजार व मतिमंदत्व यांचा समावेश झाला, परंतु नोकरीतील तीन टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण व अस्थिव्यंग यांपुरतेच होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठीचा २०१६ चा अधिनियम (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानतो. त्याने आरक्षण चार टक्के केले आणि त्यातील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता, मानसिक आजार इत्यादींस मिळून दिला. मनोविकाराच्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात मूल्य येण्याचा प्रारंभ येथून झाला. शिक्षणक्षेत्रात मात्र महाराष्ट्राने आधीच पाऊल टाकले होते : १९९६ मध्ये अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत वाढीव वेळ इ. सवलती मिळाल्या आणि मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांतील तपासणी-केंद्रांत पालकांची रीघ लागली.

मानसिक आजाराच्या अपंगत्वाची टक्केवारी भारतीय मनोविकारतज्ज्ञ-संघटनेच्या समितीने तयार केलेल्या व २००२ मध्ये शासनमान्य झालेल्या मापनश्रेणीने ठरविली जाते. स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संज्ञापन व आकलन, आणि काम या चार अंगांना प्रत्येकी शून्य ते चार गुण असून आजाराच्या कालावधीसाठी एक ते चार गुण मिळतात. एकूण वीसपैकी सात गुण झाले, की चाळीस टक्क्यांची पायरी ओलांडली जाते व कायद्याचे बहुतेक लाभ खुले होतात. दहा वर्षांहून जुना आजार असल्यास चार गुण कालावधीचेच मिळतात आणि आणखी तीन पुरतात; आजार दोन वर्षांच्या आतील असल्यास उरलेले सहा गुण चार अंगांतून यावे लागतात. या श्रेणीत अतिशयोक्ती ओळखणारा स्वतंत्र घटक नाही. ती रुग्ण, त्याची काळजी घेणारा नातेवाईक व जुनी कागदपत्रे यांवर चालते. सहा व सात यांतील एका गुणाला जेवढे मोल आहे, तेवढाच तो परीक्षकाच्या विवेकावर अवलंबून आहे.

बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत परिस्थिती काहीशी बरी आहे. बुद्धिमापनासाठी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी केलेले स्टॅनफर्ड-बिने कसोटीचे रूपांतर १९४० पूर्वीच तयार झाले होते. सामाजिक परिपक्वता मोजण्यासाठी व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूप ए. जे. मेलिन यांनी नागपूर येथे सिद्ध केले आणि ते आजही प्रमाणपत्रासाठी वापरले जाते. या श्रेणीत मूल स्वतः जेवते का, दुकानातून वस्तू आणते का, अशा रोजच्या गोष्टी पालकांना विचारतात. पालक वाढवून सांगू शकतात; पण बालपणापासून चालत आलेली मंदता शाळेच्या नोंदी, शेजारी व भावंडे यांच्यापासून लपत नाही आणि एका दिवसात उत्पन्नही करता येत नाही.

अकोले तालुक्याचे उदाहरण : कसोट्या व श्रेणी ज्या समाजात तयार झाल्या त्यापासून अर्जदार जितका दूर, तितकी त्यांची साक्ष दुबळी होते. अहमदनगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा, सह्याद्रीच्या माथ्यावरील अकोले तालुका या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे. कळसूबाईचे शिखर (१,६४६ मी.) व प्रवरेवरील भंडारदरा धरण याच तालुक्यात असून त्याच्या पश्चिम भागात महादेव कोळी व ठाकर या जमातींची वस्ती आहे. राजूरच्या पलीकडील गावांपासून जिल्ह्याचे मुख्य ठाणे शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. मनोविकारतज्ज्ञाच्या तपासणीसाठी बहुधा तेथेच जावे लागते. रुग्णासोबत एक माणूस जातो, दोघांची मजुरी बुडते व एका फेरीत काम होईलच असे नसते. एवढे करून मिळणारा लाभ संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या (१९८०) मासिक साहाय्याचा व प्रवास-सवलतीचा असतो.

अशा अर्जदारापुढे पंधरा-घटक कसोटी ठेवल्यास काय होईल, ते सहज कळते. ज्याला रोमन अक्षरे ओळखता येत नाहीत त्याच्या दृष्टीने त्या कागदावर पाच गोष्टी नसून खरोखरीच पंधरा अनोळखी आकृत्या असतात. पेन्सिल धरणे हेही त्याच्या हाताला नवे असते. अल्पशिक्षित व्यक्तींत या कसोटीत खोटे संशयित अधिक निघतात, असे परदेशांतील पाहण्यांतही आढळले आहे. मापनश्रेणीतील ‘काम’ हे अंगही येथे अडते. भाताची लावणी व कापणी घरच्या शेतात करून उरलेले महिने नारायणगाव किंवा नाशिक भागात मजुरीला जाणाऱ्या कुटुंबात ‘कामावर नियमित जातो का’ या प्रश्नाचे सरळ उत्तर नसते. पावसाळ्यात भावांबरोबर चिखलात उभा राहणारा रुग्ण एरवी आठ महिने ओट्यावर बसून असू शकतो. तपासणी कोणत्या महिन्यात होते, यावर त्याचे उत्तर बदलेल आणि बदललेले उत्तर विसंगती म्हणून नोंदले जाण्याची शक्यता राहील.

कालावधीचे गुण कागदावर अवलंबून असतात. डोंगराळ गावात आजाराची पहिली काही वर्षे भगताकडे, देवस्थानाकडे व अंगाऱ्या-धुपाऱ्यांत जातात. त्यांची नोंद कोठेही नसते. रुग्णालयातील पहिला कागद आजार सुरू झाल्यानंतर पाच-सात वर्षांनी तयार होतो आणि श्रेणीच्या हिशेबात आजार त्या दिवशी जन्माला येतो. याच्या उलट, लग्न ठरविताना कुटुंबाने तोच आजार कटाक्षाने लपविलेला असतो. ज्यांनी तो एकदा लपविला त्यांनीच पुढे तो मंडळापुढे मांडला, की शेजाऱ्यांना ती बतावणी वाटते. (लक्षणे लपविणे हा अतिशयोक्तीच्या विरुद्ध टोकाचा प्रकार होय; मनोविकारांच्या बाबतीत तो किती व्यापक आहे याकडे प्रस्तुत विषयावरील बहुतेक ग्रंथांनी दुर्लक्ष केले आहे.) याचा अर्थ अशा भागात अतिशयोक्ती होतच नाही, असा मुळीच नाही. अनुदानासाठी बोलणे वाढविले जाते. कधी मध्यस्थ काय सांगावे ते पढवून पाठवितो. पढविलेली उत्तरे एकाच साच्याची असल्याने अनुभवी परीक्षकास ती ओळखू येतात. पण त्यांमागेही खरा आजार असू शकतो.

अलीकडील घडामोडी : २०२४ मध्ये या जिल्ह्याचे नाव वेगळ्याच कारणाने देशभर गाजले. एका परिवीक्षाधीन सनदी अधिकाऱ्याची उमेदवारी संघ लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी रद्द केली. आयोगाने दिलेले कारण ओळखीचे तपशील बदलून मर्यादेपलीकडे परीक्षा दिल्याचे होते. परंतु सार्वजनिक चर्चा झाली ती अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावे असलेल्या दृष्टिदोष व मानसिक आजार यांच्या प्रमाणपत्रांची. प्रकरण न्यायालयात गेले. त्यानंतर महाराष्ट्रात शासकीय सेवेतील दिव्यांग प्रमाणपत्रांच्या फेरपडताळणीस वेग आला. या पडताळणीचा रोख मुख्यतः नोकरीतील आरक्षणावर आहे. मात्र कडक झालेले निकष व अधिक फेऱ्या सर्वच अर्जदारांच्या वाट्याला येतात.

केंद्र शासनाच्या ४ जानेवारी २०१८ च्या व मार्च २०२४ मधील सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी कोणत्या अपंगत्वासाठी कोणती श्रेणी वापरावी हे निश्चित केले आहे. जिल्हा पातळीवर व्यवहारात उपयोगी ठरणारी पद्धत अजूनही साधी आहे : एकाहून अधिक भेटी, त्यांतील एक अचानक, नातेवाईक व रुग्ण यांच्याशी वेगवेगळे बोलणे, औषधांच्या चिठ्ठ्या व शाळेचा दाखला पाहणे, आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्तीकडून घरची हकीकत घेणे, आणि रुग्णाला त्याच्या बोलीत बोलू देणे. हे सर्व वेळखाऊ आहे. प्रमाणपत्राच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या गर्दीपुढे परीक्षकास एका अर्जदारासाठी मिळणारी मिनिटे मोजकीच असतात.

कपटाने दिव्यांगत्वाचे लाभ घेणाऱ्यास २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९१ अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खरा आजार असूनही ज्याचा अर्ज नाकारला गेला, त्यास कलम ५९ अन्वये अपील करता येते. ते त्याने किंवा त्याच्या कुटुंबाने स्वतः दाखल करावयाचे असते.